खुणेला खूण

आमच्या घरात भांडण कधी मुद्द्यावरून होत नसे. मुद्दा असायचा माझं कॉलेज आणि भांडण व्हायचं येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या, आमटीवरून. आमटी पातळ झाली म्हणून आप्पा ताट जरा पुढं सरकवायचे. माझी आई, तिला आम्ही माय म्हणायचो, तिथून सुरू व्हायची. इथल्या गिरणीवाल्याला येसर दळता येत नाय, इथं धने भाजले तर वास शेजारी जातो आन् शेजारीण खिडकी लावून घेती, इथं कुणी कुणाच्या दारात टेकत नाय. असं करत करत ती सिल्लोडच्या गिरणीपाशी पोचायची, मग सिल्लोडच्या पाण्यापाशी, आणि शेवटी म्हणायची, "मला इथं करमत नाय." लग्न होऊन वीसेक वर्षं झाली होती तिला, तरी करमत नव्हतं. हे वाक्य आलं की आप्पा हात धुवायला उठायचे आणि मी पुस्तक तोंडासमोर धरायचे, कारण त्यानंतर माझ्या लग्नाची पाळी असायची.

आम्ही औरंगाबादेत, चिकलठाण्याला एमआयडीसीच्या मागं राहायचो. दोन खोल्या आणि पुढं फरशी नसलेलं अंगण. आप्पा कारखान्यात फिटर होते. होते म्हणायचं, कारण कारखान्याला कुलूप लागून बरेच दिवस झाले होते. शेजारच्या कारखान्याचा भोंगा मात्र चालू होता. त्या भोंग्यावर आप्पा पूर्वीसारखे उठायचे, आंघोळ करायचे, भांग पाडायचे आणि मग खाटेवर बसून राहायचे. नोकरी धडधाकट होती तेव्हा त्यांनी जोडधंदा म्हणून एक जुनी व्हॅन घेतली होती, वसाहतीतली पोरं गुलमंडीपलीकडच्या एका शाळेत पोचवायला. कुलूप लागलं आणि ती व्हॅनच आमची चूल झाली. भोंग्यानंतर तासाभरानं ते तिचं दार उघडायचे तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर माणूस यायचा. आता माझे गुडघे कुरकुरतात, शहराचं नावही बदललं, पण कुठं भोंगा वाजला की मी आधी घड्याळ पाहत नाही, आप्पा उठले का ते पाहायला मान वळते.

त्या दिवाळीत भाऊबीजेहून परत येताना फुलंब्रीच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. आवाज असा काही झाला नाही. इंजिन एकदम गप्प झालं आणि आम्ही उतारावर नुसते घरंगळत राहिलो. आप्पांनी सीट उचलून खाली डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "टायमिंगचा पट्टा तुटला." मामाला निरोप गेला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, सिल्लोडला त्याची कापूस-मक्याची आडत. तो ट्रॅक्टर घेऊन आला, व्हॅनला दोर बांधला आणि आम्हाला जळगाव रस्त्यानं पार औरंगाबादेत, आमच्या दारापर्यंत ओढत आणलं. आप्पा स्टिअरिंग धरून बसले होते. येणारी-जाणारी माणसं बघत होती आणि आप्पा कुणाकडंच बघत नव्हते. मायनं वाटेत भावाला पुरेल एवढा चिवडा डब्यात वेगळा काढून ठेवला, आणि मला तिचा तेवढ्यावरूनही राग आला.

चहा पिता पिता मामानं विषय काढलाच. तो वाईट माणूस नव्हता, उलट मायेचाच होता. "दाजी," तो म्हणाला, "किती दिवस या खटाऱ्याच्या मागं लागायचं? आडतीवर हिशेबाला माझं माणूस नाय. मागच्या खोल्या रिकाम्या हायेत. शोभाचं बी बघू. हिच्या मामीचा भाचा हाय, बियाण्याचं दुकान हाय त्याचं, निर्व्यसनी हाय." भाचा खरोखर निर्व्यसनी होता. मी त्याला पाहिला होता, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि म्हणूनच माझी धडगत नव्हती. वाईट स्थळ असतं तर आरडाओरडा करता आला असता. मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सिल्लोडला गेलो की कॉलेज संपलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आप्पा एरवी मामाला हसून टोलवायचे. त्या दिवशी मात्र ते दोरानं ओढून आणलेला माणूस होते. शाळेच्या बाईंनी सहामाहीच्या आधीच बजावलं होतं, की गाडी दोनदा आली नाही, आता सुट्टीनंतर पहिल्या दिवशी दिसली नाही तर दुसरी व्हॅन तयार आहे. ती शाळा दिवाळीची सुट्टी द्यायला भलती कंजूष, सोमवारीच उघडणार होती. आप्पा कपात बघत म्हणाले, "सोमवारी गाडी शाळेत गेली तर गेली. नाय गेली तर मंगळवारी सामान भरू. शब्द हाय माझा." मायनं पदर तोंडाला लावला. मामाच्या मागं उभी राहून ती हसत होती हे मी पाहिलं.

मामा ट्रॅक्टर घेऊन गेला. मी रडले नाही, मला रडायचा सुद्धा वेळ नाही असं वाटत होतं. गॅरेजं बंद. पोरं गावाला गेलेली, शटरला झेंडूच्या माळा वाळून लोंबतायत. आमच्या गाडीचं पूर्वी सगळं करणारा सलीमभाई म्हणून एक मिस्त्री होता, त्याचा हात असा की गाडी त्याला ओळखायची, पण तो सौदीला निघून गेला होता. एका ओळखीच्या दुकानदाराला घरातून बाहेर काढून आप्पांनी नवा पट्टा तेवढा मिळवला आणि अंगणात चवाळं अंथरलं. म्हणाले, "मी बी फिटरच हाय. लोखंडच हाय ना हे."

ज्यांनी इंजिन उघडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असायचं. त्याच्या तोंडाशी झाकण, झाकणाच्या आत दोन दातेरी चाकं, वर मोठं आणि खाली लहान, आणि दोघांवरून फिरणारा आतून दाते असलेला रबरी पट्टा. वरचं चाक इंजिनाचे श्वास उघडतं-मिटतं, खालचं चाक इंजिनाबरोबर फिरतं. दोघांनी एकमेकांच्या तालात फिरलं पाहिजे, म्हणून प्रत्येक चाकावर एक खूण असते आणि तिच्या समोर इंजिनावर एक खूण. खुणेला खूण भिडवायची आणि मग पट्टा चढवायचा. एवढंच. एका दात्याचा फरक पडला तरी गाडी खोकते, आणि जास्त पडला तर सुरूच होत नाही. हे मला त्या दोन दिवसांत इतकं पाठ झालं की पुढं कॉलेजात मी यंत्रांचा एक अख्खा धडा न वाचता लिहिला.

शनिवारी सकाळी आम्ही झाकण काढलं. आम्ही म्हणजे आप्पा आणि मी. माझा हात बारीक म्हणून आतल्या बोल्टांना पाना मी लावायचा, आणि जोर आप्पांनी द्यायचा. खालच्या चाकाची खूण लगेच सापडली, लोखंडात कोरलेली. वरच्या चाकावर तेलाचा काळा थर होता, पण त्या थरातही एक तांबडी रेघ चांगली दिसत होती. आप्पा खूश झाले. "सलीमनं ऑइलपेंटनं करून ठेवली बघ. मिस्त्री लोक असंच करतेत, पुढच्या वेळंला सोपं." तांबडी रेघ वरच्या खाचेसमोर आणली, खालची खूण तिच्या जागेवर, पट्टा चढवला, ताण दिला. मग आप्पांनी पान्यानं इंजिन हातानंच दोन फेरे फिरवून पाहिलं. दोन फेऱ्यांनी दोन्ही खुणा फिरून बरोब्बर समोरासमोर आल्या. "हां," आप्पा म्हणाले, "आता देवाचं नाव घे."

चावी फिरवली. इंजिन घुर्र घुर्र फिरलं, एक फाटका आवाज आला आणि कार्बोरेटरमधून भडका उठला. आप्पांच्या भुवया जळल्याचा वास मला अजून आठवतो. पुन्हा चावी, पुन्हा फाट. शेजारची दोघं-तिघं येऊन ढकलून गेली, गाडी कॉलनीभर ढकलत नेली आणि ढकलतच परत आणली. ती परत आली तेव्हा माय दारात उभी होती. ती आत गेली आणि माळ्यावरचं तांब्याचं घंगाळं खाली काढल्याचा आवाज आला.

त्यापुढचा दीड दिवस मी कुणाला सांगताना नेहमी दोन वाक्यांत उरकते. प्लग काढले, पुसले, लावले. प्लगच्या वायरींचा क्रम चुकला असेल म्हणून अदलून बदलून पाहिला. पट्टा ढिला असेल म्हणून परत सगळं उघडलं, परत ताणला, परत झाकलं. प्रत्येक वेळी आप्पा खुणा तपासायचे, आणि प्रत्येक वेळी खुणा अगदी बरोबर. तीच तर फाशी होती. काही चुकलेलं दिसलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं. सगळं बरोबर होतं आणि गाडी सुरू होत नव्हती. शाळेच्या बाईंवर, मामावर, बियाण्याच्या दुकानावर, सौदी अरेबियावर, सगळ्यांवर मी मनातल्या मनात तोंडसुख घेतलं. देवाला तर असं काही बोलले की ते इथं लिहायची सोय नाही. माझ्या बोटांची सालटी गेली होती आणि भाकरीला सुद्धा ऑइलचा वास येत होता.

आत माय सामान बांधत होती. ते तिला लपवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती लपवतही नव्हती. पितळी डबे गोधडीत गुंडाळून दोरीनं आवळत होती आणि मधूनच काही तरी गुणगुणत होती. मी तिला इतक्या वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं. पाणी प्यायला आत गेले तर मला म्हणाली, "तुझी पुस्तकं कशात भरू गं?" मी म्हणाले, "जाळून टाक." ती म्हणाली, "येडी हायेस का," आणि खरोखर प्रेमानं माझ्या कपाळावरचं ग्रीस पदरानं पुसलं. मला तिचा हात झटकावासा वाटला आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, पाणी पिऊन बाहेर आले.

रविवारी शेजारच्या विमानतळावर संध्याकाळचं विमान उतरून गेलं, म्हणजे दिवस कलला. बॅटरी पार बसली होती, कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं त्याची बॅटरी आणून दिली होती आणि तीही निम्मी गेली होती. आप्पांनी पुन्हा झाकण काढलं होतं. उघड्या इंजिनासमोर ते उकिडवे बसले, मग खाली बसले, मग हातातला पाना त्यांनी हळूच चवाळ्यावर ठेवला. आपटला नाही. आपटला असता तर बरं झालं असतं. "शोभे," ते म्हणाले, "मायला म्हणावं, उद्या दळण नको टाकू. तिकडंच दळू." आणि मग त्यांनी आपले हात पाहिले, उलटे करून, सुलटे करून. म्हणाले, "या हातांनी मी केसाएवढा फरक धरायचो गं." मी आप्पांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्याच्यानं बघवलं नाही. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि पत्र्याला कपाळ लावून उभी राहिले. आता सुटका नाही, माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं.

माय चहा घेऊन आली. दोन दिवस ती गाडीपासून चार हात लांब होती, तिला त्या उघड्या इंजिनाची किळस यायची. पण आप्पा खाली मान घालून बसलेले, कप कुठं ठेवावा म्हणून ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. ती वरच्या चाकाकडं बघत होती. मी पत्र्याआडून तिचा चेहरा पाहिला. आधी त्यावर नुसतं नवल होतं. मग ते गेलं. तिनं कप खाली ठेवला आणि आत गेली.

आत बराच वेळ काहीच वाजलं नाही. ना डबे, ना दोरी, ना गुणगुणणं. मग ती बाहेर आली आणि दारातच उभं राहून म्हणाली, "अवो. ती तांबडी खूण सलीमभाईची नाय."

आप्पांनी वर पाहिलं.

"माझी हाय ती," माय म्हणाली. "खंडेनवमीची. तुम्ही तवा कामावर होता. सलीमभाईनं असंच सगळं उघडं टाकलं होतं, सणाला हत्यार धरत नाय म्हणून निघून गेला. मी समद्याला शेंदूर लावला. पान्याला लावला, चाकाला बी लावला. लोखंडावर नुसतं कुंकू ठरत नाय, म्हणून आमच्याकडं तेलात शेंदूर कालवून लावतेत, फाळाला लावतेत तसं. नंतर सलीमभाई आला तर म्या म्हणलं, पुसून घ्या. तर म्हणला, पूजा का है भाभी, रैने दो. बाकीचं समदं त्यानं पुसलं, तेवढं सोडलं."

आप्पा उठले. मग फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी वरचं चाक पुसायला घेतलं. शेंदूर निघाला, थर निघाला, आणि शेंदराच्या जागेपासून चांगलं पाचसहा दाते दूर, लोखंडात कोरलेलं एक बारीक टिंब वर आलं. एवढंसं, मोहरीएवढं. आप्पांनी त्याच्यावर बोट टेकवलं. दोन दिवस आम्ही शेंदराला खाचेसमोर आणत होतो, आणि शेंदूर प्रत्येक फेऱ्याला इमानदारीत परत तिथंच येत होता. येणारच. चाकावर कुठंही बोट उमटवलं असतं तरी दोन फेऱ्यांनी ते तिथंच आलं असतं.

पट्टा काढला, टिंब खाचेसमोर आणलं, पट्टा चढवला. माझ्या हातून बोल्ट दोनदा मातीत पडला. आप्पा म्हणाले, "घाई करू नको पोरी," आणि स्वतःच घाई करत होते. चावी फिरवली तेव्हा बॅटरीत जीव नव्हताच, इंजिन एकदा रखडत फिरलं, दुसऱ्यांदा रखडत फिरलं, आणि धरलं. एकसुरी, बारीक, आपला नेहमीचा गुणगुणणारा आवाज करत ते चालू राहिलं. आप्पांनी रेस दिली, सोडली, दिली, सोडली. शेजारचे ओट्यावर आले. आप्पा गाडीतून उतरले तर त्यांचे दोन्ही हात नुसते हवेत होते, काय करावं कळत नव्हतं त्यांना.

माय उंबऱ्यावर बसून रडत होती. मोठ्यानं, गळा काढून. आप्पा हसत तिच्यापाशी गेले. "अगं येडे, चालू झाली की. तुझ्यामुळं झाली." त्यांना ते आनंदाचं रडणं वाटलं आणि मरेपर्यंत त्यांना तसंच वाटत राहिलं, ते पाहुण्यांना सांगायचे, बायकोनं गाडी दुरुस्त केली आणि स्वतःच रडत बसली. मी मात्र तिचा तो पत्र्यापलीकडून दिसलेला चेहरा पाहिला होता. ती आत जाऊन किती वेळ काय करत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. मीही आता मुलांची आई आहे, पण तिच्या जागी मी असते तर बाहेर आले असते का, हे मला अजून सांगता येत नाही.

दिवेलागणीला तिनं तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "मामा वाट बघत आसंल. त्यानं खोल्या झाडून घेतल्या असतील. त्याला सांगावं लागंल." मग म्हणाली, "तूच सांग. मला नाय सांगवत."

जालना रस्त्याच्या कडेला एसटीडीचं बूथ होतं, काचेचं दार असलेलं. मी आत गेले, माय बाहेर उभी राहिली, रस्त्याकडं तोंड करून. मामानंच फोन उचलला. मी म्हणाले, "मामा, गाडी सुरू झाली. आम्ही नाय येत."

त्यानं विचारलं, "दाजींनी केली?"

"आप्पांनीच केली. पण खूण चुकली होती, ती मायनं सांगितली."

"ताईनं सांगितली?"

"व्हय."

मग तो म्हणाला, "ताईला दे." मी काचेवर टकटक केली. माय वळली, आत आली, पदरानं तोंड टिपून तिनं फोन कानाला लावला, आणि काही बोलली नाही. मामाही बोलत नसावा, कारण तिचा चेहरा काही ऐकणाऱ्याचा नव्हता. डोक्यावरच्या डब्यात बिलाचे तांबडे आकडे पळत होते आणि बूथवाला आमच्याकडं बघत होता. दोघं भावंडं तशीच राहिली. मग मामानं "हायेस ना?" असं काही तरी विचारलं असावं. माय म्हणाली, "व्हय रे, हाय मी हितंच," आणि फोन ठेवला.